बोअरचं पाणी आणि घरातली उपकरणं : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला, टँकर सुरू झाले की या सदराकडे येणारी पत्रं पाण्याकडे वळतात. जळलेले गीझर, भाकरीसारखे कडक टॉवेल, पांढरे पडलेले नळ अशा तक्रारींतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत जडपणाचे, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे, आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने दिले आहेत. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘टोटल हार्डनेस’ या ओळीसमोर असतो तोच हा आकडा.

दीड वर्षात गीझरचं एलिमेंट दोनदा जळालं. आम्हाला बोअर आणि टँकरचं मिश्र पाणी येतं. तापताना गीझरच्या आतून तडतड आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, नवीन गीझरच घ्या. घ्यावा का? — वाघोली, पुणे

टाकी गळत नसेल तर घेऊ नका. पाणी तेच राहणार, त्यामुळे नव्या गीझरचीही वर्षभरात हीच गत होईल.

दख्खनच्या काळ्या पाषाणातून मुरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंच असतं, आणि त्यातलं बहुतेक बायकार्बोनेटच्या रूपात. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, मागे राहतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं नेमकं उलट. पाणी जितकं गरम तितका हा खडू कमी विरघळतो. गीझरमध्ये सगळ्यात गरम असतो तो एलिमेंटचा पृष्ठभाग, म्हणून थर आधी तिथे धरतो. थरात अडकलेल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रे तडकतात, तोच तुम्हाला ऐकू येणारा आवाज.

एलिमेंट २००० वॉटचं असेल तर थर असो वा नसो, ते तेवढीच उष्णता बाहेर टाकणार. मधे खडूचा थर आला की ती उष्णता पलीकडे ढकलायला आतली तार आणि तिच्यावरची धातूची नळी जास्त तापावी लागते. शेवटी नळीला चीर जाते, पाणी आत शिरतं आणि आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो, किंवा तारच तुटते. ‘थरामुळे वीजबिल प्रचंड वाढतं’ असं सर्रास सांगितलं जातं. पाण्यात बुडालेल्या विजेच्या एलिमेंटच्या बाबतीत त्यात फारसं तथ्य नाही, कारण उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. गॅस गीझरचं मात्र वेगळं. तिथे थर धरला की उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि सिलिंडर खरोखर लवकर संपतो. तुमचं खरं नुकसान आहे ते एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि मेकॅनिकच्या फेऱ्यांचं.

खडू किती साचतो याचा अंदाज घेऊ. समजा, रोज १५० लिटर पाणी तापतं आणि तापल्यावर मोडणारा जडपणा ३५० आहे. म्हणजे रोज सुमारे ५२ ग्रॅम खडू बाहेर पडू शकतो. त्यातला बराचसा पाण्याबरोबर बादलीत जातो. पण दहावा हिस्सा जरी टाकीत राहिला, तरी वर्षाला जवळजवळ दोन किलो होतो.

पहिला उपाय फुकट आहे. थर्मोस्टॅट ७५ अंशांवर असेल तर ५५ ते ६० वर आणा. थर बराच मंदावतो. त्याखाली मात्र नेऊ नका, कारण कोमट पाणी दिवसभर साठून राहिलं तर त्यात जंतू वाढतात.

दुसरा उपाय म्हणजे वर्षातून एकदा, जडपणा ४००च्या वर असेल तर सहा महिन्यांनी, गीझर उघडून साफ करणं. विजेच्या कामाची सवय नसेल तर हे मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभं राहून. आधी एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला गीझरचा स्विच) बंद करायचा, नुसतं बटण नव्हे. पाणी गार होऊ द्यायचं, इनलेटचा कॉक बंद करून टाकी रिकामी करायची. खालचं झाकण काढलं की वायरींचा मोबाइलवर फोटो घ्यायचा. फ्लँजचे (एलिमेंट ज्यावर बसवलेलं असतं त्या चकतीचे) बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने सैल करून एलिमेंट सरळ खाली ओढायचं. थर जाड असेल तर ते भोकातून निघत नाही. तेव्हा हिसडा न देता लाकडी पट्टीने पापुद्रे पाडत पाडत काढावं. टाकीच्या तळाचा चुरा हाताने आणि फडक्याने काढा, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. आतला काचेचा मुलामा एकदा टवकला की टाकी तिथून गंजते.

एलिमेंट लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल) विरघळवून त्यात तीन-चार तास उभं ठेवा. वायरी जोडायची टोकं पाण्याच्या वर राहायला हवीत. फेस येणं थांबला की काम झालं. त्याच वेळी मॅग्नेशियमची ॲनोड कांडी बघा. ती टाकीऐवजी स्वतः झिजावी म्हणूनच बसवलेली असते आणि क्षाराच्या पाण्यात लवकर संपते. निम्म्याहून बारीक झाली असेल तर बदला. गॅस्केट दर वेळी नवंच घाला. बंद केल्यावर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरा आणि मगच वीज सुरू करा. कोरडं एलिमेंट मिनिटा-दोन मिनिटांत जळतं. असे बळी जड पाण्याच्या नावावर खपतात.

गीझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. प्लंबरने तिथे डमी लावून बंद करू म्हणून सांगितलं आहे. चालेल ना? — छत्रपती संभाजीनगर

अजिबात नाही. तो प्लंबर पुन्हा आला तर व्हॉल्व्हला हात लावू देऊ नका.

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेलं की त्याचं आकारमान साधारण ३४० मिलीने वाढतं. इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्यामुळे हे वाढलेलं पाणी मागे जाऊ शकत नाही, म्हणून ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. गीझर चालू असताना थोडं ठिबकलं आणि तापून झाल्यावर थांबलं, तर सगळं ठीक आहे. व्हॉल्व्हला पारदर्शक नळी लावून ती मोरीकडे सोडा.

गीझर बंद असतानाही ठिबकत असेल तर दोन शक्यता. एक, व्हॉल्व्हच्या बैठकीवर क्षाराचा कण अडकला आहे. तसं असेल तर वरचा लिव्हर दोन-तीनदा उचलून सोडला की कण वाहून जातो, नाही गेला तर व्हॉल्व्ह बदला. दोन, इमारतीच्या प्रेशर पंपाचा दाबच जास्त आहे. मग प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह लावावा लागतो.

जड पाण्याच्या घरात ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा कधीच न ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हची काळजी अधिक करायला हवी. तो क्षाराने चिकटून बसलेला असू शकतो. तसं झालं आणि थर्मोस्टॅटही बिघडला, तर टाकी फुटू शकते. महिन्यातून एकदा लिव्हर उचलून पाणी येतं का बघा.

ऑनलाइन टीडीएस मीटर मागवला. आमच्या बोअरचा आकडा १८०० आला. म्हणजे पाणी अतिशय जड ना? पण साबणाला फेस बऱ्यापैकी येतो. — अकोला

तुमच्या साबणाचं ऐका. टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही.

तुम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले दिसता. तिथल्या गाळाच्या जमिनीतलं पाणी खारं असतं, म्हणजे त्यात सोडियमचे क्षार जास्त. अशा पाण्याचा टीडीएस १८०० असून जडपणा ३०० असू शकतो. उलट पुण्याकडच्या एखाद्या बोअरचा टीडीएस ८०० आणि जडपणा ४५० असतो. गीझरमध्ये थर पुण्याच्या पाण्याने जास्त धरेल. तुमच्या पाण्याने धातू गंजेल, ॲनोड लवकर संपेल, स्टीलच्या टाकीच्या जोडांवर बारीक छिद्रं पडतील. दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. तुमच्याकडे सॉफ्टनर लावून फारसं काही साधणार नाही. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस तसाच राहतो. पिण्यापुरता आरओ लावा. गीझर घेताना काचेचा मुलामा दिलेली टाकी निवडा आणि ॲनोड वर्षाला बदला.

नेमका आकडा हवा असेल तर प्रत्येक जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाणी तपासणी प्रयोगशाळा आहे. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरून न्या. टोटल हार्डनेस, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेटचं प्रमाण), क्लोराइड, लोह आणि टीडीएस एवढ्या पाच गोष्टी लिहून मागा. अल्कलिनिटीचा आकडा जडपणाएवढा किंवा त्याहून जास्त असेल तर जवळपास सगळा जडपणा तापल्यावर खाली बसणारा आहे. कमी असेल तर अल्कलिनिटीएवढाच बसतो, बाकीचा सल्फेट-क्लोराइडच्या रूपात पाण्यातच राहतो.

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात जडपणा २००पर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालतो. हे माणसांसाठी. गीझर, वॉशिंग मशीनला २००च्या वरच त्रास सुरू होतो. टँकरचं पाणी असेल तर एका तपासणीवर विसंबू नका. मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात एकदा करा, दोन आकड्यांत मोठा फरक दिसेल. मधल्या काळासाठी थेंबांचं किट पुरतं. ठरावीक पाण्यात निर्देशक टाकला की ते लालसर होतं, मग निळं होईपर्यंत दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजायचे.

फ्रंट लोड मशीन तीन वर्षांचं आहे. पांढरे कपडे करडे पडतात, टॉवेल कडक होतात. पावडर वाढवली, तर फेसाचं एरर येतं. — सोलापूर

कपडे करडे पडण्यामागे बहुधा तीन कारणं एकत्र आहेत. पावडरीतला धुण्याचा सोडा पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून बारीक खडू करतो आणि तो सुताच्या धाग्यांत बसतो. कॉलरला किंवा डागाला वडीचा साबण चोळत असाल, तर साबण आणि कॅल्शियमचा चिकट साका होतो, तोही कपड्यातच राहतो. शिवाय कॅल्शियमने अडवलेली पावडर मळ काढायला उरत नाही.

म्हणून पावडर वाढवायची, पण प्रमाणात. पाकिटामागे जड पाण्यासाठी वेगळं माप दिलेलं असतं, तेवढंच घ्या. पावडर फ्रंट लोडचीच हवी, हाताने धुण्याची पावडर फेस करते आणि मशीन थांबतं. वडीचा साबण बंद करा. शेवटच्या खळबळीसाठी मशीनच्या फॅब्रिक सॉफ्टनरच्या कप्प्यात ५० मिली पांढरं व्हिनेगर घातलं की टॉवेलातला खडू थोडा सुटतो. हे टॉवेल-चादरींपुरतं आणि महिन्यातून दोनदा ठीक, रोज घातलं तर रबर खराब होतं.

आता मशीन. नेहमी गार पाण्यावर धूत असाल तर हीटरवर विशेष थर नसेल. ४० किंवा ६० अंशांवर धूत असाल तर असणारच. दोन-तीन महिन्यांनी एकदा, कपडे न घालता, थेट ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाका आणि ६० अंशांचा कॉटन प्रोग्रॅम लावा. पावडर घालू नका. नंतर एक जादा रिन्स. माहितीपुस्तिकेत कंपनीने स्वतःची पावडर सांगितली असेल आणि वॉरंटी चालू असेल तर तीच वापरा. दर आठवड्याला मात्र हा उद्योग नको. ड्रमच्या मागचा तिपाई आधार ॲल्युमिनियमचा असतो, त्याला ॲसिड सोसत नाही. आणि सायट्रिक ॲसिडच्या फेरीत ब्लीच कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो.

मशीन पाणी हळू भरत असेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी मागचा इनलेट पाइप खोला. त्याच्या तोंडाशी नखाएवढी जाळी असते, ती पकडीने अलगद ओढली की बाहेर येते. क्षार आणि वाळूने ती बुजलेली असते. जुन्या टूथब्रशने घासा आणि परत बसवा.

सोसायटीत एक विक्रेता येऊन गेला. ‘अख्ख्या घराला सॉफ्टनर लावा’ म्हणतो. दुसरा म्हणतो, पाइपवर चुंबक बसवा, मीठ-बीठ काही नको. जडपणा ५०० आहे, घरात चार माणसं. — उंड्री, पुणे

चुंबकाचं आधी निकालात काढू. तो पाण्यातून कॅल्शियम काढत नाही. आधीचं आणि नंतरचं पाणी तपासलं तर आकडा तोच येतो. विक्रेते म्हणतात, क्षार राहतात पण चिकटत नाहीत. चाचण्यांत हे कधी थोडं दिसतं, कधी अजिबात नाही. घरातल्या पैशांची पैज लावण्याइतका त्याचा भरवसा नाही.

सॉफ्टनर खात्रीचा. त्यातले रेझिनचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुतात, म्हणजे पुन्हा कामाला लागतात. फक्त आकाराचा हिशोब स्वतः करा, विक्रेत्यावर सोडू नका.

एक लिटर रेझिन व्यवहारात सुमारे ५० ग्रॅम जडपणा धरतं. २५ लिटर रेझिनची टाकी म्हणजे १२५० ग्रॅम. तुमच्या एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम जडपणा आहे. म्हणजे २५०० लिटर पाणी झालं की मीठ लावायची वेळ. दरडोई १३५ लिटर धरलं तर चौघांचे ५४० लिटर, तेव्हा साडेचार दिवसांत पाळी येते. पण फ्लश, अंगण, लादी पुसणं यांना मऊ पाणी कशाला? अंघोळ, गीझर आणि वॉशिंग मशीन यांनाच दिलं तर तीनशे लिटरच्या आसपास पुरतं आणि पाळी आठ दिवसांवर जाते. एका पाळीला लिटर रेझिनमागे १२० ते १५० ग्रॅम मीठ, म्हणजे २५ लिटरला तीन ते पावणेचार किलो. महिन्याला १२-१५ किलो मीठ. अख्ख्या घराला लावलं तर ते वीस किलोच्या पुढे जातं. त्यामुळे नळजोडणी बदलायला थोडा खर्च झाला तरी आमचं मत अर्ध्या घराच्याच बाजूने.

मीठ लावताना आधी दहा मिनिटं उलटी धार देऊन रेझिनमधला गाळ काढा. साडेतीन किलो खडेमीठ तीसेक लिटर पाण्यात विरघळवून, गाळून, अर्ध्या तासात सावकाश टाकीतून जाऊ द्या. नंतर मीठ जाईपर्यंत धुवा आणि थेंबांच्या किटने तपासा, आकडा ५० खाली आला की झालं. घाईने मीठ सोडलं की निम्मं वाया जातं, आणि ‘सॉफ्टनर चालत नाही’ अशा तक्रारींत हेच कारण वारंवार निघतं. मिठाचं सांडपाणी झाडांना घालू नका.

दोन इशारे. पाणी बादलीत रात्रभर ठेवल्यावर पिवळट होत असेल तर त्यात लोह आहे. ते रेझिनवर बसतं, म्हणून आधी लोहाचा फिल्टर लागेल. आणि दर १०० जडपणामागे पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं, तुमच्याकडे लिटरला २३०. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेलं कुणी घरात असेल तर स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरच्या आधीच फोडा. आरओ असेल तर प्रश्न नाही, तो सोडियमही काढतो. उलट सॉफ्टनरनंतर लावलेल्या आरओची मेंब्रेन जास्त टिकते.

गच्चीवर नळ्यांचा सोलर आहे. पाणी आता पूर्वीसारखं तापत नाही. — लातूर

काचेच्या नळ्यांचा सोलर जड पाण्याला त्यातल्या त्यात बरा. तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पॅनेल असता तर एव्हाना तुंबला असता. तुमच्या नळ्यांच्या तळाशी खडूचा गाळ साचला असेल. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून नळ्या उतरवा, लांब दांड्याच्या मऊ ब्रशने साफ करा, वरची रबरी रिंग चिरली असेल तर बदला. हे काम पहाटेच करायचं आणि ऊन चढण्याआधी पाणी भरायचं. तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते.

थर सगळ्यात वेगाने धरतो तो तुम्ही गावाला गेल्यावर. वापर नसल्याने एप्रिल-मेमध्ये पाणी दिवसेंदिवस तापत राहतं. आठवडाभर बाहेर जाणार असाल तर नळ्यांवर गोणपाट टाकून जा. पुढे सोलर बदलाल तेव्हा हीट एक्स्चेंजरचा घ्या. त्यात घरातलं पाणी सूर्यतापकातून फिरतच नाही.

स्टीम इस्त्रीतून पांढरं पाणी गळतं, कुलरच्या जाळ्या दगडासारख्या झाल्या. आरओचं वाया जाणारं पाणी कुलरला वापरतो, ते कारण असेल का? — नागपूर

कुलरचं तेच कारण. आरओने बाहेर टाकलेल्या पाण्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात, आणि कुलर त्यातलं नुसतं पाणी उडवतो. टीडीएस ९००च्या पाण्याचे ६० लिटर उडाले तर ५४ ग्रॅम क्षार जाळ्यांवर आणि टाकीत राहतात. आरओचं ते पाणी लादीला, फ्लशला वापरा. कुलरला साधं नळाचं घाला आणि दोन दिवसांनी टाकीतलं उरलेलं पाणी ओतून द्या. ते ओतणं पाण्याची नासाडी वाटते, पण भर घालत राहिलात तर टाकीतले क्षार रोज वाढत जातात. पंपाची जाळी आणि वरच्या पन्हाळीची भोकं आठवड्याला साफ करा. कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात क्षार आधी धरतात. दगड झालेली हनीकोंब जाळी वाचत नाही, बदला.

इस्त्रीला आरओचं गाळलेलं पाणी चालेल, फक्त तुमच्या आरओत टीडीएस कंट्रोलर असेल तर तो थोडं कच्चं पाणी मिसळतो, तो बंद करा. सॉफ्टनरचं पाणी नको, त्यातले सोडियमचे क्षार डाग पाडतात. आता गळतंय त्यासाठी टाकी भरा, इस्त्री पूर्ण तापवा, प्लग काढा आणि मोरीवर आडवी धरून सेल्फ क्लीनचं बटण दाबून ठेवा. तपकिरी पाणी थांबेपर्यंत दोन-तीनदा करा. पुस्तिकेत लिहिलेलं नसेल तर व्हिनेगर घालू नका.

इथे चहावर तपकिरी तवंग येतो. पुण्यात महापालिकेच्या पाण्यावर कधी आला नाही. किटलीतही पांढरा थर. — लंडन

खडकवासल्याचं पाणी मऊ, लंडनचं खडूच्या थरांतून येणारं, म्हणून जड. तवंग म्हणजे कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि चहातले घटक यांचा पातळ पापुद्रा, तब्येतीला अपाय नाही. लिंबू पिळलेल्या चहावर तो येत नाही. किटलीत लिटरभर पाणी आणि एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड घालून उकळा, वीस मिनिटं ठेवा, ओतून दोनदा साधं पाणी उकळून टाका.

नळांवरचे पांढरे डाग काढायला बाथरूमचं ॲसिड वापरलं. डाग गेले, पण नळाची चकाकी गेली आणि कडप्प्यावर खडबडीत ठिपके पडले. आता काय करावं? — सांगली

गेलेला मुलामा परत येणार नाही. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुनखडीचेच भाऊबंद. ॲसिडला ते आणि नळावरचा क्षार यांत फरक कळत नाही. कडप्पा पुन्हा पॉलिश करून घेता येतो.

यापुढे व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळा, खाली कडप्पा असेल तर प्लॅस्टिक पसरा, नंतर धुवून कोरडं पुसा. शॉवरला व्हिनेगरची पिशवी रबराने बांधा. धार वेडीवाकडी येत असेल तर नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा, बहुतेक वेळा कचरा तिथेच असतो. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच दिवशी एकाच मोरीत वापरू नका.

बोअरच्या पाण्यात तूरडाळ चार शिट्ट्या होऊनही दाणेदार राहते, आणि कुकर आतून काळा पडतो. — जालना

पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. डाळ आरओच्या पाण्यात तासभर भिजवा आणि त्यातच शिजवा. आरओ नसेल तर पाणी आधी उकळून, गार करून, वरचं निवळलेलं घ्या. चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावर घाला, आंबटाने शिजणं आणखी लांबतं. सोडा चिमूटभर चालतो, जास्त घातला तर ब जीवनसत्त्व जातं.

काळपटपणा ॲल्युमिनियमच्या कुकरला येतो, अल्कलीच्या पाण्याने. भांड्यांखाली जे पाणी घालता त्यात लिंबाची साल किंवा चिंचेचा बोटभर तुकडा टाका. आधीच काळा पडलेला असेल तर त्याच पाण्यात दोन चमचे लिंबूफूल घालून, झाकण न लावता दहा मिनिटं उकळा.